चाळिशीत दिवस राहावेत म्हणून: तयारी, तपासण्या आणि गरोदरपणातले धोके

तिशीच्या सुरुवातीला एका पाळीचक्रात दिवस राहण्याची शक्यता साधारण २० टक्के असते. चाळिशीला ती ५ टक्क्यांच्या आसपास येते आणि पुढे वर्षागणिक घटत जाते. हा आकडा घाबरवायला दिलेला नाही. या वयात सर्वांत मोलाचे असतात ते महिने, एवढंच त्यातून घ्यायचं. पंचविशीत वर्षभर ‘बघू या’ म्हटलं तरी फारसं बिघडत नाही, बेचाळिशीत मात्र तेच वर्ष हातचं जातं. म्हणून प्रत्येक टप्प्यावर काय करायचं याइतकंच ते कधी करायचं आणि किती थांबायचं, हे इथे सांगितलं आहे.

आधी मूळ कारण समजून घ्या

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत १० ते २० लाख स्त्रीबीजं असतात. वयात येईपर्यंत ३ ते ४ लाख उरतात, सदतिशीच्या सुमारास २५ हजारांच्या आसपास आणि पाळी कायमची थांबते तेव्हा हजारभर. संख्या घटते हे बहुतेकांना माहीत असतं. चाळिशीत त्याहून जास्त अडवतो तो बीजाचा दर्जा.

प्रत्येक स्त्रीबीज तुमच्या जन्माआधीच तयार झालेलं असतं आणि त्याचं विभाजन अर्ध्यावर थांबलेलं असतं. ते पुन्हा सुरू होतं ते बीज बाहेर पडण्याच्या वेळी, म्हणजे चाळीस वर्षांनी. तोवर गुणसूत्रांना एकत्र धरून ठेवणारे दुवे सैल झालेले असतात, त्यामुळे वाटणी चुकते आणि एखादं गुणसूत्र जास्त किंवा कमी येतं. आयव्हीएफमध्ये (बीज आणि शुक्राणूंचं मिलन प्रयोगशाळेत घडवून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचारात) तपासलेल्या भ्रूणांत गुणसूत्रांचा दोष असण्याचं प्रमाण वयाच्या ४०व्या वर्षी शंभरात ६०च्या जवळ, ४२व्या वर्षी ७५च्या आसपास आणि ४४व्या वर्षी ८५च्या वर असतं.

दिवस न राहणं, राहिलेला गर्भ पडणं आणि डाउन सिंड्रोमसारखा दोष, या तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच एक कारण असतं. गर्भाशय त्या मानाने फारसं म्हातारं होत नाही. म्हणूनच तरुण दात्रीचं बीज वापरलं तर ४५व्या वर्षीही गर्भ चांगला रुजतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढचे बरेच निर्णय त्यावरच उभे आहेत.

पहिले चार आठवडे: शरीराची तयारी

फॉलिक ॲसिड आजच सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. गर्भाची मज्जानलिका, जिच्यापासून मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं लक्षात येऊन चाचणी होईपर्यंत बरंचसं काम उरकलेलं असतं. त्यामुळे गोळी निदान एक महिना आधीपासून पोटात जायला हवी, तीन महिने आधीपासून गेली तर उत्तमच. मधुमेह असेल, फिट्सची औषधं सुरू असतील किंवा आधीच्या बाळाला मज्जानलिकेचा दोष असेल, तर ४ ते ५ मिलिग्रॅमची मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांनीच लिहून द्यायची आहे. रोजच्या गोळ्या दहापट घेऊन ती गाठायची नाही, कारण मल्टिव्हिटॅमिनमधलं अ जीवनसत्त्वही मग दहापट जातं आणि ते गर्भाला घातक ठरू शकतं.

चालू असलेल्या औषधांची यादी करा. चाळिशीत ही यादी विशीतल्यापेक्षा मोठी असते आणि तीत गर्भाला धोक्याची काही औषधं निघतातच. रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांच्या गटातली गोळी असेल तर ती बदलून लॅबेटालॉल, निफेडिपिन किंवा मिथिलडोपा यांपैकी एक दिली जाते. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या सहसा थांबवतात. व्हॅल्प्रोएट, वॉर्फरिन, मेथोट्रेक्सेट आणि मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन यांबाबत प्रयत्न सुरू करण्याआधीच बोलायला हवं. काही औषधं बंद केल्यावर एक ते तीन महिने थांबावं लागतं. मात्र कुठलीही गोळी आपल्या मनाने बंद करू नका. फिट्सचं किंवा नैराश्याचं औषध अचानक सोडलं तर त्याचा धोका गोळीच्या धोक्याहून मोठा असू शकतो.

रक्ततपासण्या एकाच फेरीत उरकून घ्या: हिमोग्लोबिन, रक्तगट, टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी शुगर), मूत्रपिंडाचं कार्य, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस, आणि रुबेला व कांजिण्यांची प्रतिकारशक्ती. थायरॉइडची गोळी सुरू असेल तर टीएसएच २.५च्या खाली आणून मग प्रयत्न करावेत. मधुमेह असेल तर एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली असावं. शुगर जास्त असताना गर्भ राहिला तर हृदयाचे आणि मज्जानलिकेचे दोष वाढतात. हे अवयव पहिल्या काही आठवड्यांतच घडतात, त्यामुळे तिसऱ्या महिन्यात शुगर आटोक्यात आणून त्या नुकसानीची भरपाई होत नाही.

रुबेला किंवा कांजिण्यांची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घ्या आणि त्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळा. या दोन्ही जिवंत विषाणूंच्या लशी आहेत, गरोदरपणात देता येत नाहीत. हा एक महिना वाया गेला असं मानू नका. याच काळात बाकीचे रिपोर्ट येतात.

याच वेळी रक्तदाब नीट मोजा, गर्भाशयमुखाची तपासणी आणि मॅमोग्राफी राहिली असेल तर करून घ्या. मॅमोग्राफी गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना अवघड होते, म्हणजे आता टाळली तर दोन-तीन वर्षं लांबते. ४५च्या पुढे असाल तर ईसीजी आणि हृदयाची इको तपासणी आधी व्हावी. गरोदरपणात हृदयाला मिनिटागणिक तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त ढकलावं लागतं, आणि आधीपासून असलेला पण न कळलेला दोष तेव्हा उघडा पडतो.

धूम्रपान दोघांनीही पूर्ण थांबवा. त्याने पाळी वर्ष-दोन वर्षं आधी जाते, म्हणजे तेवढीच बीजं लवकर संपतात.

जोडीदाराची तपासणी पहिल्याच महिन्यात

स्त्रीच्या पाच-सहा तपासण्या आणि एक लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून केलेली तपासणी) होऊन गेल्यावर पुरुषाची पहिली तपासणी, हा क्रम उलटा आहे. वीर्यतपासणी स्वस्त, सोपी आणि एका दिवसाची असते. त्याआधी २ ते ७ दिवस वीर्यपतन टाळायचं आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये पोहोचवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषांनुसार खालची मर्यादा अशी: प्रमाण १.४ मिलिलीटर, एका मिलिलीटरमध्ये १.६ कोटी शुक्राणू, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, योग्य आकाराचे ४ टक्के. ‘फक्त ४ टक्के नॉर्मल’ वाचून पुष्कळ जोडपी हादरतात, पण ४ म्हणजे निकषात बसलेला आकडा.

रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी पुन्हा करा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, त्यामुळे मध्यंतरी येऊन गेलेला तापही आकडा खाली आणतो. पुरुषाचं वयही चाळिशीपुढे असेल तर गर्भपाताची शक्यता थोडी वाढते. तपासणी नॉर्मल आली म्हणून हा भाग नाहीसा होत नाही.

बीजसाठा आणि गर्भनलिका

३५च्या आत असलेल्यांना वर्षभर, ३५ ते ३९ वयात सहा महिने प्रयत्न करून मग तपासणीला या असं सांगतात. चाळिशीनंतर हे थांबणं नाही. प्रयत्न सुरू करतानाच तपासणी करायची.

पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एफएसएच (बीजकोशांना चालना देणारं संप्रेरक) आणि एस्ट्राडायोल (बीजकोशांतून येणारं संप्रेरक), दोन्ही एकाच रक्तात तपासा. एफएसएच एकटं पाहू नका. एस्ट्राडायोल ६० ते ८०च्या वर असेल तर ते एफएसएचला खाली दाबतं आणि रिपोर्ट खोटाच चांगला दिसतो. एएमएच हे बीजसाठ्याचा अंदाज देणारं संप्रेरक कुठल्याही दिवशी तपासलेलं चालतं. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर मात्र ते खाली दिसतं. त्याच सुमारास योनीमार्गे सोनोग्राफी करून दोन्ही बीजकोशांतल्या लहान बीजपुटिका (बीज असलेल्या पिशव्या) मोजतात. दोन्ही मिळून पाच-सातच्या आत असतील तर साठा कमी मानतात. फायब्रॉइड (गर्भाशयाच्या स्नायूची गाठ), पॉलिप (आतल्या अस्तराची वाढ), चॉकलेट सिस्ट (बीजकोशात जुनं रक्त साठलेली गाठ) हेही याच सोनोग्राफीत दिसतात. प्रत्येक फायब्रॉइड काढावा लागत नाही. गर्भाशयाच्या पोकळीत घुसलेला असेल तर तो अडथळा ठरतो, बाहेरच्या भिंतीवरचा लहानसा सहसा ठरत नाही. नको असलेल्या शस्त्रक्रियेत आणि नंतर जखम भरण्यात सहा महिने सहज जातात, म्हणून ‘हा पोकळीत आहे का?’ हा प्रश्न स्पष्ट विचारा.

एएमएचबद्दल मोठा गैरसमज आहे. ते किती बीजं उरली आहेत याचा अंदाज देतं, बीज चांगलं आहे की नाही हे सांगत नाही. एएमएच कमी म्हणजे आपोआप दिवस राहणारच नाहीत असंही नाही, आणि चांगलं असलं म्हणून ४३व्या वर्षी बिनघोर राहता येत नाही. त्याचा खरा उपयोग आयव्हीएफच्या इंजेक्शनांना बीजकोश किती प्रतिसाद देतील, हे आधी समजण्यासाठी.

गर्भनलिका तपासायला एचएसजी (गर्भाशयात द्रव सोडून काढलेला एक्स-रे) करतात, रक्तस्राव थांबल्यावर आणि बीज फुटण्याआधी. नलिकेत पाणी साठून ती फुगलेली आढळली तर ते पाणी गर्भाशयात झिरपतं आणि आयव्हीएफचं यश जवळजवळ निम्मं करतं. अशी नलिका आधी काढावी किंवा बंद करावी लागते. हे न करता एकामागून एक भ्रूण सोडले जाणं फार वाईट, कारण या वयात ते भ्रूण पुन्हा मिळत नाहीत.

दिवस गाठण्याचं गणित

सहा दिवस उपयोगाचे असतात: बीज फुटण्याच्या आधीचे पाच आणि तो दिवस. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू पाच दिवसांपर्यंत. म्हणून बीज फुटण्याआधीचे दोन-तीन दिवस सर्वांत मोलाचे.

चाळिशीत इथे नेमकी एक चूक होते. या वयात पाळी लवकर येऊ लागते, २८ऐवजी २५ किंवा २४ दिवसांनी. कमी होतो तो पाळीचा पहिला भाग. बीज फुटल्यापासून पुढची पाळी येईपर्यंतचे दिवस साधारण १४च राहतात. म्हणजे २४ दिवसांच्या चक्रात बीज दहाव्या दिवशीच फुटतं. चौदाव्या दिवसाची वाट पाहणाऱ्या जोडप्याचे सगळे दिवस हुकतात, तेही महिनोन्महिने. मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा लिहून काढा, सर्वांत छोट्या चक्रातून १८ वजा करा. २४ दिवसांचं चक्र असेल तर सहावा दिवस आला. तिथपासून दर दिवसाआड संबंध ठेवा. रोज ठेवले तरी हरकत नाही. आठवडाभर ‘साठवून’ ठेवण्याने मात्र फायदा होत नाही.

एलएच हे बीज फुटण्याआधी वाढणारं संप्रेरक. लघवीवरची एलएच पट्टी पॉझिटिव्ह आली की पुढच्या २४ ते ३६ तासांत बीज फुटतं. ती दुपारी किंवा संध्याकाळी, दोन तास फार पाणी न पिता करा. पाळी जाण्याच्या जवळ आलेल्या काहींमध्ये एलएच मुळातच वाढलेलं असतं आणि पट्टी चार-पाच दिवस सलग पॉझिटिव्ह येते. तसं झालं तर पट्टीवर विसंबू नका, एका चक्रात सोनोग्राफीने फॉलिक्युलर स्टडी (बीज कसं वाढतं आणि कधी फुटतं हे पाहणं) करून घ्या. सकाळचं तापमान बीज फुटल्यानंतर चढतं, म्हणून ते दिवस गाठायला कामाचं नाही. बीज खरंच फुटलं का, एवढंच ते सांगतं.

कोरडेपणासाठी वंगण वापरत असाल तर शुक्राणूंना अपाय न करणारं, तसं स्पष्ट लिहिलेलं घ्या. नेहमीची बरीच वंगणं आणि लाळही त्यांची हालचाल मंदावते.

किती महिने, आणि मग काय

सगळे रिपोर्ट बरे असतील तर चाळिशी-एक्केचाळिशीत तीन ते सहा चक्रं आपोआप प्रयत्न करणं रास्त आहे. ४२च्या पुढे आमचं मत तीनपेक्षा जास्त नको असं आहे. नलिका बंद असेल किंवा शुक्राणू फार कमी असतील तर एकही नको.

या वयात गोळ्या आणि आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) यांचा एका चक्रातला फायदा थोडाच असतो. ३८ ते ४२ वयोगटातल्या जोडप्यांवर झालेल्या फोर्ट-टी नावाच्या अभ्यासात थेट आयव्हीएफ केलेल्यांना कमी उपचारचक्रांत जास्त गर्भधारणा झाल्या. म्हणून ‘आधी सहा आययूआय करू’ असा सल्ला मिळाला तर कारण विचारा.

आयव्हीएफमध्ये काय होतं ते आकड्यांत पाहा. आठ ते चौदा दिवस इंजेक्शनं, शेवटचं, बीजं पक्व करणारं ट्रिगर इंजेक्शन अगदी ठरल्या मिनिटाला, त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीजं काढणं. ट्रिगर दोन तास उशिरा घेतलं तर सगळं वेळापत्रक बिघडतं, गजर लावून ठेवा. समजा ४२व्या वर्षी आठ बीजं मिळाली. सहा पक्व निघतात, चार फळतात, पाचव्या दिवसापर्यंत एक-दोन टिकतात, आणि त्यांतल्या चारांत तीन गुणसूत्रांनी सदोष असण्याची शक्यता. म्हणजे एका चक्रात एकही निर्दोष भ्रूण न मिळणं ही या वयातली नेहमीची गोष्ट आहे, तुमच्या हातून काही चुकल्याची खूण नव्हे. स्वतःच्या बीजाने ४१-४२व्या वर्षी एका प्रयत्नात मूल घरी येण्याचं प्रमाण शंभरात दहा-बाराच्या घरात असतं, ४३ नंतर पाचच्या आसपास किंवा त्याहून कमी.

दवाखाना निवडताना ‘सक्सेस रेट किती’ असं मोघम विचारू नका. ‘माझ्या वयाच्या, स्वतःचं बीज वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये सुरू केलेल्या शंभर चक्रांमागे किती जिवंत बाळं?’ असं विचारा. पॉझिटिव्ह चाचण्यांचा किंवा दात्रीच्या बीजांसकट काढलेला आकडा तुमच्या उपयोगाचा नाही.

भ्रूणाची गुणसूत्र तपासणी, म्हणजे पीजीटी-ए, बीज सुधारत नाही. सदोष भ्रूण आधी वेगळे काढते, त्यामुळे निष्फळ ट्रान्सफर (भ्रूण गर्भाशयात सोडणं) आणि गर्भपात कमी होतात. मिळालेले भ्रूण एक-दोनच असतील तर तिचा फायदा किती, हे डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. बीजकोशात पीआरपी (स्वतःच्याच रक्तातून वेगळा काढलेला द्रव) टोचून ‘बीजकोश तरुण करण्याचे’ उपचार सिद्ध झालेले नाहीत. बीज सुधारतं म्हणून दिल्या जाणाऱ्या कोएन्झाइम क्यू-टेन आणि डीएचईए या गोळ्यांचे पुरावेही कच्चे आहेत. अशा उपचारासाठी आयव्हीएफ पुढे ढकलणं हा त्यांतला सर्वांत मोठा तोटा.

दात्रीचं बीज वापरल्यास एका ट्रान्सफरमागे बाळ होण्याची शक्यता साधारण ३० ते ५० टक्के असते, कारण वय दात्रीचं मोजलं जातं. कोणत्या वयापर्यंत आणि कोणत्या अटींवर हे करता येतं याचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, ते आधी पाहा. हा निर्णय मनाला जड जातो. म्हणून पहिलं इंजेक्शन घेण्याआधीच दोघांनी बसून लिहून ठेवा: स्वतःच्या बीजाचे किती प्रयत्न, किती खर्च, आणि त्यानंतर दात्रीचं बीज, दत्तक की थांबायचं. चौथं चक्र फसल्याच्या संध्याकाळी हा विचार नीट होत नाही.

भ्रूण एकच सोडा. जुळ्यांनी रक्तदाब, अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण आणि रक्तस्राव हे सगळे धोके वाढतात, आणि चाळिशीत ते आधीच वाढलेले असतात.

चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर: पहिले बारा आठवडे

थायरॉइडची गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मात्रा साधारण २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते आणि पहिल्या भेटीपर्यंत थांबून चालत नाही.

सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करा, मुख्य कारण गर्भ गर्भाशयातच आहे याची खात्री. नलिकेत गर्भ राहण्याचा धोका वयाबरोबर वाढतो. ओटीपोटात एका बाजूला दुखणं, रक्तस्राव, खांद्याच्या टोकाला कळ, चक्कर यांपैकी काहीही झालं तर सोनोग्राफीची तारीख न पाहता लगेच रुग्णालय गाठा.

गर्भपाताचं प्रमाण पंचविशीत दहात एक असतं, ४० ते ४४ वयात सुमारे तीनात एक आणि ४५ नंतर निम्म्याहून जास्त. जिना चढल्याने, वजन उचलल्याने किंवा प्रवासाने ते होत नाही, आणि पूर्ण विश्रांतीने टळतही नाही. गर्भ पडलाच तर बाहेर आलेल्या ऊतीची गुणसूत्र तपासणी मागा. नमुना फॉर्मलिनमध्ये नको, निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवायला आधीच सांगा, नाहीतर पेशी मरतात आणि तपासणी होत नाही. गुणसूत्रांचा दोष निघाला तर कारण कळलं, इतर महागड्या तपासण्यांत महिने घालवायला नकोत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डीबद्दल (पुढच्या गर्भाला रक्तगटामुळे होणारा त्रास टाळणाऱ्या इंजेक्शनबद्दल) विचारायला विसरू नका. त्यानंतर सहा महिने थांबण्याची गरज सहसा नसते. एक पाळी येऊन गेली आणि मन तयार असेल तर पुन्हा प्रयत्न करता येतो.

गुणसूत्रांच्या तपासण्या

डाउन सिंड्रोम असलेलं बाळ जन्मण्याची शक्यता ३५व्या वर्षी साधारण ३५०त एक, ४०व्या वर्षी १००त एक आणि ४५व्या वर्षी ३०त एक असते. उलट बाजूने वाचलं तर चाळिशीत शंभरात ९९ बाळांना ते नसतं.

एनआयपीटी ही आईच्या रक्तावरची तपासणी दहाव्या आठवड्यापासून होते आणि डाउन सिंड्रोम ९९ टक्क्यांच्या आसपास पकडते. पण ती चाळणी आहे, निदान नव्हे. पॉझिटिव्ह आली तर कुठलाही निर्णय घेण्याआधी ११ ते १४ आठवड्यांत वारेच्या ऊतीचा नमुना किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजल तपासणी करून खात्री करायची. या दोन्हींत सुईमुळे गर्भ पडण्याचा वाढीव धोका अनुभवी हातांत २००त एकापेक्षा कमी असतो. पहिला, मोजक्या गुणसूत्रांचा निकाल दोन-तीन दिवसांत येतो, पूर्ण निकालाला दोन-तीन आठवडे लागतात.

दोन गोष्टी नेहमी राहून जातात. दात्रीचं किंवा पूर्वी गोठवलेलं बीज वापरलं असेल तर तपासणीच्या अर्जावर बीज काढलं तेव्हाचं वय लिहायला हवं, नाहीतर धोक्याचा आकडा उगाच मोठा येतो. आणि एनआयपीटी चांगली आली म्हणून ११ ते १३ आठवड्यांची आणि १८ ते २२ आठवड्यांची सोनोग्राफी सोडू नका. हृदय, मणका, मूत्रपिंड यांचे दोष रक्तात दिसत नाहीत.

बारा आठवड्यांपासून पुढे: रक्तदाब आणि शुगर

चाळिशीतल्या गरोदरपणात सर्वांत जपायचं ते प्रीएक्लॅम्प्सियापासून. यात विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब वाढतो, बहुधा लघवीत प्रथिनं जातात, कधी यकृत आणि मेंदूवर परिणाम होतो. पहिलटकरीण, लठ्ठपणा, जुळी, आई किंवा बहिणीला झालेला त्रास, दोन बाळंतपणांत दहा वर्षांहून जास्त अंतर, दात्रीचं बीज, यांपैकी काही वयाच्या जोडीला असेल तर धोका आणखी वाढतो. बाराव्या आठवड्याच्या भेटीत स्वतःहून विचारा: ‘मला ॲस्पिरिन लागेल का?’ रोज रात्री ७५ ते १५० मिलिग्रॅम, बाराव्या आठवड्यापासून, सोळाव्याच्या आत सुरू केलं तर त्याचा उपयोग चांगला होतो. वार गर्भाशयात रुजण्याची महत्त्वाची कामं तोवर चाललेली असतात, विसाव्या आठवड्यात आठवण होऊन फारसं हाती लागत नाही. अल्सर, रक्तस्रावाचा आजार किंवा ॲस्पिरिनने दमा वाढत असेल तर ते सांगा, स्वतःहून सुरू करू नका.

घरी बीपीचं दंडावरचं यंत्र ठेवा. पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर ठेवून बसा, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा, लिहून ठेवा. पट्टा दंडाला लहान असेल तर आकडा खोटा जास्त येतो. १४०/९० किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० आलं, किंवा न थांबणारं डोकं दुखणं, डोळ्यांपुढे ठिपके, बरगड्यांखाली उजवीकडे कळ, चेहऱ्यावर अचानक सूज असं काही झालं, तर फोन करत बसू नका, सरळ रुग्णालयात जा.

शुगरची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत सगळ्यांचीच होते. या वयात ती पहिल्या तिमाहीतही करून घ्यावी आणि नॉर्मल आली तरी २४ आठवड्यांनंतर पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन केलेल्या तपासणीत उपाशीपोटी ९२, एका तासाने १८०, दोन तासांनी १५३, यांपैकी एकही आकडा गाठला तर गरोदरपणातला मधुमेह मानतात. आधीचे तीन दिवस नेहमीसारखं जेवा. मुद्दाम कमी खाल्लं तर निकाल बिघडतो. निम्म्याहून जास्त जणींना आहार आणि जेवणानंतरचं चालणं पुरतं. बाकीच्यांना औषध किंवा इन्शुलिन लागतं, त्यात कमीपणा काही नाही.

शेवटचे तीन महिने आणि बाळंतपण

विसाव्या आठवड्यात वार खाली दिसली तर ३२व्या आठवड्यात पुन्हा पाहतात, बहुतेकींची तोवर वर सरकलेली असते. २८ आठवड्यांनंतर बाळाची वाढ सोनोग्राफीने पाहत राहायची. हिमोग्लोबिन याच काळात ११च्या वर आणा, कारण बाळंतपणात रक्तस्राव जास्त होण्याची शक्यता या वयात असते.

बाळाच्या हालचालींचा ठरावीक आकडा नसतो, तुमच्या बाळाची लय तुम्हाला २८व्या आठवड्यापर्यंत कळलेली असते. ती मंदावली तर त्याच दिवशी जाऊन ठोके तपासून घ्या. थंड पाणी पिऊन उद्यापर्यंत वाट पाहू नका. घरच्या डॉपलरवर ठोके ऐकू आले म्हणूनही थांबू नका, त्या आवाजावरून बाळ बरं आहे हे कळत नाही.

चाळिशीत ३९-४० आठवड्यांना पोटात बाळ दगावण्याचा धोका हजारात दोनच्या सुमारास असतो. विशीतल्या स्त्रीला एवढाच धोका ४१व्या आठवड्यात येतो. म्हणून ३९ ते ४० आठवड्यांच्या दरम्यान कळा आणून बाळंतपण करण्याचा पर्याय दिला जातो. ३५च्या पुढच्या पहिलटकरणींवर झालेल्या चाचणीत ३९व्या आठवड्यात कळा आणल्याने सिझेरियनचं प्रमाण वाढलं नाही. ही चर्चा ३६व्या आठवड्यात करा. वय हे एकटं सिझेरियनचं कारण नाही. तसं सांगितलं गेलं तर दुसरं कोणतं कारण आहे ते विचारा.

बाळंतपणानंतर

रक्तदाब बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी सर्वांत वर जाऊ शकतो, नेमका घरी परतल्यावर. यंत्र काढून ठेवू नका. डोकेदुखीला झोप न झाल्याचं कारण देण्याआधी बीपी मोजा. प्रीएक्लॅम्प्सिया सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो. एका पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, किंवा अचानक दम लागणं ही रक्ताच्या गुठळीची लक्षणं असू शकतात. सिझेरियन किंवा जास्त वजन असेल तर १० दिवस ते ६ आठवडे हेपरिनची (गुठळ्या होऊ न देणारी) इंजेक्शनं लागतात का, हे सुट्टी मिळण्याआधी विचारा. उदासी दोन आठवड्यांच्या पुढे राहिली तर डॉक्टरांना सांगा, ती आपोआप जाईल म्हणून थांबू नका. मधुमेह झाला असेल तर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅमची तपासणी पुन्हा करायची.

दुसरं बाळ हवं असेल तर सहाव्या आठवड्याच्या भेटीतच ते बोला. दोन गर्भधारणांत दीड वर्षाचं अंतर असावं असं सहसा सांगतात, आणि सहा महिन्यांच्या आत तर नकोच. चाळिशीत दीड वर्ष थांबायचं की थोडं आधी, हे सिझेरियनचा व्रण, रक्तदाब आणि गोठवलेले भ्रूण शिल्लक आहेत का, यावर ठरतं. भ्रूण गोठवलेले असतील तर घाई नसते. गोठवल्या दिवशी त्यांचं वय थांबलेलं असतं.